परकी इच्छा

त्रिशला चाचणीच्या खोलीत गेली तेव्हा पारस मगदूमला एकच काळजी होती, तिच्या केसांची. सकाळी तिनं सवयीनं डोक्याला खोबरेल तेल चोपडलं होतं, आणि टोपीतल्या त्या नाजूक काचेच्या कुप्यांना तेल चालतं की नाही हे विचारायचं राहूनच गेलं होतं. बाकी सगळं त्याच्या मते झाल्यातच जमा होतं. कागदपत्रं जमली होती, भाड्याच्या जागेचा पत्ता मिळाला होता, बँकेनं होकार दिला होता, आणि त्याची स्वतःची चाचणी तर चहा पिऊन यावं इतक्या सहज उरकली होती. आता त्रिशला बाहेर आली की बाल्टिक समुद्राकाठच्या तालिन शहरात जयसिंगपूरच्या मगदूमांची कंपनी उभी राहणार होती.

ती बाहेर आली. तिच्यामागोमाग नोंदणी कार्यालयातली अधिकारी आली. मारिका तिचं नाव. पन्नाशी उलटलेली, आखूड करड्या केसांची बाई. तिनं दोघांना आपल्या खोलीत बसवलं आणि सावकाश, त्यांना नीट कळेल अशा इंग्रजीत सांगितलं,

"तुमचा निकाल 'स्वतःची इच्छा' असा आलाय, मिस्टर मगदूम. तुमच्या पत्नीचा वेगळा आहे. 'परकी इच्छा'. मला ही नोंदणी करता येणार नाही."

पारस हसला. "तेल लावलंय तिनं," तो म्हणाला.

मारिका हसली नाही.

हा कायदा त्या देशात येऊन फार दिवस झाले नव्हते. कंपनी काढायची दुसऱ्याच्या नावावर आणि दोऱ्या ठेवायच्या आपल्या हातात, हा उद्योग जगभर इतका बोकाळला होता, की कुणाच्या स्वयंपाकिणीच्या नावावर जहाजं निघत होती आणि कुणाच्या अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याच्या नावावर खाणी. सह्या खोट्या, आवाज बनावट, पडद्यावर बोलणारा चेहरासुद्धा संगणकानं घडवलेला. तेव्हा कायदा करणारे शेवटी माणसाच्या डोक्यातच शिरले. त्यांना वाटलं, बनावट चालत नाही अशी तेवढी एकच जागा उरली आहे.

मेंदूत विचार चालतो तेव्हा अतिशय क्षीण विद्युतप्रवाह वाहतात, आणि प्रवाह आला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र आलंच. पृथ्वीच्या चुंबकत्वापुढे हे क्षेत्र म्हणजे ढोलताशाच्या गजरात मुंगीचं पाऊल. पूर्वी ते मोजायला द्रवरूप हेलियमनं गोठवलेलं अवजड यंत्र लागायचं. मग रुबिडियम नावाच्या धातूची वाफ भरलेल्या छोट्या छोट्या काचेच्या कुप्या आल्या. कुपीतून लेसरचा किरण सोडायचा. मेंदूचं चुंबकत्व वाफेतल्या अणूंना किंचित हलवतं, त्यानं किरण किंचित बदलतो, आणि तो बदल वाचता येतो. पृथ्वीचं चुंबकत्व अडवणाऱ्या भिंतींची एक खोली बांधली आणि अशा कुप्या एका टोपीत बसवल्या, की काम झालं.

या टोपीला खरं-खोटं कळत नाही. तिला एवढंच कळतं, की डोक्यात आधी काय जागं झालं. माणूस स्वतःसाठी एखादी गोष्ट तोलतो तेव्हा कपाळामागची मेंदूची एक घडी आधी चेतते. पण 'तो काय म्हणेल, तिला कसं वाटेल' हा दुसऱ्याच्या मनाचा अंदाज आपण घेतो तो कानाच्या वर, जरासा मागे. प्रश्न ऐकल्यावर हा भाग आधी चेतला आणि कपाळामागची घडी नुसती त्याच्या मागून गेली, तर तो निर्णय त्या माणसाचा नव्हेच, असं कायदा मानतो. हे सगळं पापणी लवायच्या आत, स्वतःला कळायच्याही आधी घडतं, म्हणून नाटक करता येत नाही. प्रश्न मात्र मातृभाषेतच विचारावे लागतात. परक्या भाषेत मेंदू अडखळतो. त्यामुळे तालिनच्या त्या खोलीत यंत्र पुस्तकी मराठीत विचारायचं, "आपण हा व्यवसाय स्वेच्छेने करीत आहात काय?"

"म्हणजे मी बायकोवर जबरदस्ती करतो, असं म्हणायचंय तुम्हाला?" पारसनं विचारलं.

"नाही," मारिका म्हणाली. "भीती आणि माया, यंत्राला दोन्ही सारख्याच दिसतात. ते फक्त एवढंच सांगतं, की प्रश्न ऐकल्यावर तिला आधी दुसरं कुणीतरी आठवलं." मग ती त्रिशलाकडे वळली. "हिवाळा संपल्यावर आणखी एक संधी मिळेल. ती शेवटची."

त्रिशलानं पारसकडे पाहिलं आणि मान हलवली.

ज्या मेणासाठी हे सगळं चाललं होतं, ते त्रिशलाचं होतं. शिरोळ तालुक्यातल्या साखर कारखान्यांतून उसाच्या रसाचा काळा गाळ निघतो. लोक तो प्रेसमड म्हणून शेतात टाकतात. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या त्रिशलानं घरामागच्या शेडमध्ये त्या गाळातून मेण वेगळं काढलं आणि त्यात एक बुरशी वाढवून असा लेप तयार केला, की तो लावलेल्या लाकडाला ओल धरत नाही. आपल्याकडे त्याला फारसं कुणी विचारलं नाही. पण बाल्टिक समुद्राच्या काठी जुन्या लाकडी घरांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत, आणि ओल तिथं कायमची वस्तीला असते. तिथून मागणी आली. माल घ्यायला ते तयार होते, कंपनी मात्र त्यांच्या देशात नोंदलेली हवी होती. लेपाचे हक्क पारसनं हौसेनं दोघांच्या नावावर केले होते, त्यामुळे चाचणीही दोघांना लागली.

त्यांनी भाड्यानं घेतलेली जागा अशाच एका लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर होती. पारसनं कोट काढून खुंटीला अडकवला आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं विचारून टाकलं.

"तुला यायचं नव्हतं का इकडं?"

"यायचं होतं की."

"मग?"

"तुम्हाला यायचं होतं ना," ती म्हणाली. यात न कळण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा होता.

"मी तुला विचारलं होतं, त्रिशला. प्रत्येक गोष्ट विचारतो मी तुला. आपल्या अख्ख्या गल्लीत बायकोला इतकं विचारणारा दुसरा नवरा दाखव."

"खरंय. नेहमी विचारता तुम्ही."

"बरं, ते जाऊ दे. आत्ता काय खावंसं वाटतंय तुला?"

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्हाला?"

दोघांनाही हसू फुटलं. त्रिशला हसतच राहिली. पारसचं हसू मात्र मध्येच विरलं. घराचा रंग, लेकीची, म्हणजे ऋजुताची शाळा, फरशी, सहली. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, आणि प्रत्येक वेळी त्यानं विचारलं होतं, 'तुझं काय म्हणणं?' आणि प्रत्येक वेळी तिचं म्हणणं नेमकं त्याच्यासारखंच निघालं होतं. आपली मनं जुळतात, असं तो चारचौघांत अभिमानानं सांगायचा.

पारस वाईट माणूस नव्हता. हट्टी मात्र होता. बायकोला स्वतःचं काही हवंसं वाटत नसेल, तर ते शिकवावं लागेल, असं त्यानं ठरवलं, आणि एकदा ठरवल्यावर त्यानं त्यात कसूर केली नाही. मारिकानं सुचवलं होतं, की तिला एकटीला ठरवू द्या, तुम्ही आसपास राहू नका. म्हणून तो सकाळी उठून घराबाहेर पडायचा. बंदरावर हेलसिंकीच्या बोटी बघत बसायचा, गोठलेल्या काठानं चालायचा, थंडीनं कान बधिर झाले की ट्राममध्ये चढायचा. काय आणायचं, कुणाला भेटायचं, कारखान्याची जागा कुठली घ्यायची, सगळं तिच्यावर सोपवून.

सुरुवातीला ती त्याला दर घटकेला फोन करायची. "अहो, जागा दोन आहेत. कुठली घेऊ?"

"तुला कुठली आवडली?"

"तुम्ही बघितल्याशिवाय कसं सांगू?"

तो फोन बंद करून टाकायचा. त्याला वाईट वाटायचं, पण तो बंद करायचा.

मग फोन कमी झाले. एक दिवस तो घरी आला तर त्रिशला भडक पिवळा रेनकोट घालून आरशासमोर उभी होती. आयुष्यात तिनं असला रंग अंगाला लावला नव्हता. "कसा आहे?" तिनं विचारलं, आणि त्यानं तोंड उघडायच्या आत म्हणाली, "असू दे, सांगू नका. मला आवडलाय."

पारसला इतका आनंद झाला, की त्यानं हे ऋजुताला पुण्याला फोन करून सांगितलं.

पुढं पुढं तर ती सुटलीच. बंदराजवळची जागा तिनं घेतली; पारसनं मनात दुसरीच धरली होती. सुतारकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्याशी लेपाच्या जाडीवरून ती मोडक्यातोडक्या एस्टोनियनमध्ये हुज्जत घालायला लागली. शेजारच्या बायकांबरोबर वाफेच्या खोलीत जाऊन आली आणि तिथून थेट बर्फाच्या पाण्यात उडी मारून आली. घरी येताना ती गुणगुणत असायची. पारस जिन्यात तिची पावलं ऐकायचा आणि मनाशी म्हणायचा, आता यंत्राच्या बापाला सुद्धा नाही म्हणता येणार नाही.

बर्फ वितळलं. तेल न लावता त्रिशला आत गेली. ती बाहेर आली, आणि मारिकानं या वेळी खोलीचं दार स्वतः लावून घेतलं.

"या देशात राहायचं का, याला स्वतःची इच्छा आली आहे," ती म्हणाली. "ही कंपनी चालवायची का, स्वतःची इच्छा. फार स्पष्ट. इतकी स्पष्ट मी क्वचित पाहिली आहे." तिनं कागद उलटला. "तिसरा प्रश्न होता, पारस मगदूम या भागीदाराबरोबर चालवायची का. तिथं परकी इच्छा आली."

पारसनं त्रिशलाकडं पाहिलं.

"तिथंही ती 'हो'च म्हणाली होती," मारिका पुढं म्हणाली. "तोंडानं तरी."

कार्यालयाच्या मागं समुद्राकडं तोंड केलेला एक बाक होता. दोघं तिथं जाऊन बसले. वारा बोचरा होता.

"तुला मी नकोय?" पारसनं विचारलं.

"मला माहीत नव्हतं हो," त्रिशला म्हणाली. "शपथ घेऊन सांगते. तुम्हाला कळलं तेव्हाच मला कळलं."

"माझं चुकलं काय?"

"काही चुकलं नाही. तुम्ही मारलं नाही, झिडकारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. काही असतं तर मी सांगितलं असतं की." ती शब्द शोधत राहिली. "तुम्ही खोलीत असलात की मी तुमच्याकडं बघते. तुमचं तोंड कसं आहे, बोलण्यात काय आहे, तेच बघत राहते. मग माझं असं काही उरत नाही. या हिवाळ्यात तुम्ही बाहेर असायचात ना..."

"तेव्हा बरं वाटलं तुला."

ती रडत होती. तिनं डोळे पुसले आणि एकदम निश्चयानं म्हणाली, "अहो, आपण परत जाऊ. मला नको ही कंपनी. जयसिंगपूरला जाऊ, शेड आहे, सगळं पहिल्यासारखं करू."

पारसला एकदम आशा वाटली. तिला फक्त 'चल' म्हणायचं होतं. ती त्याच संध्याकाळी बॅग भरायला लागली असती, आणि पुन्हा कधी या गोष्टीचा उच्चारही केला नसता. पण तिच्या चेहऱ्याकडं बघताना त्याच्या लक्षात आलं, की हे बोलताना ती डोळे बारीक करून त्याच्याकडंच पाहते आहे, आपल्या बोलण्यानं याला बरं वाटलं का ते शोधत. हा चेहरा तो रोज पाहत आला होता. त्यालाच तो प्रेम समजत होता. कदाचित ते होतंही.

"नको," तो म्हणाला. "तू थांब. मी माझा हक्क सोडतो. मग तो तिसरा प्रश्नच उरत नाही."

पण तेही सरळ नव्हतं. भागीदाराला धमकावून बाहेर काढण्याचे प्रकार घडू नयेत, म्हणून हक्क सोडणाऱ्यालाही टोपी घालावी लागायची. पारसनं ती घातली. मराठी बोलणाऱ्या यंत्रानं विचारलं, "आपण या व्यवसायातील आपला हक्क स्वेच्छेने सोडीत आहात काय?" "हो," पारस मोठ्यानं म्हणाला.

निकाल आला: परकी इच्छा.

"तुम्ही हे तिच्यासाठी करताय," मारिका म्हणाली.

"मग कुणासाठी करणार?" पारसचा आवाज चढला. "तुमच्या देशात माणसानं दुसऱ्यासाठी काही करायचंच नाही का?"

"करावं," ती म्हणाली. "माझा नवरा आजारी होता तेव्हा मीही केलं. पण मला त्याची नोंद करता येत नाही, मिस्टर मगदूम. जेव्हा तुम्हाला स्वतःला सोडावंसं वाटेल, तेव्हा या. घाई करू नका. तिचा निकाल तोवर राखून ठेवता येईल."

पारस एकटाच जयसिंगपूरला परतला.

घरात पाऊल टाकल्यावर त्याला पहिल्यांदा कळलं, की चहाची पूड कुठं असते हे आपल्याला माहीत नाही. ती सापडली. मग भाकरी जमेना म्हणून तो भातावर राहिला. शेजारीपाजारी विचारायचे, "वहिनी कधी येणार?" तो म्हणायचा, "कामात आहे." ऋजुता सुट्टीला येऊन राहिली आणि जाताना म्हणाली, "पप्पा, मम्मीचं बरोबर की चूक, ते मला विचारू नका." तो म्हणाला, "मी कुठं विचारतोय? डबा घेतलास का?"

त्रिशला रविवारी फोन करायची. ती काळजीनं विचारायची आणि तो आनंदी आवाजात उत्तरं द्यायचा, आणि फोन ठेवला की दिवसभर दुसरं काही सुचायचं नाही. आपल्याला स्वतःला सोडावंसं कधी वाटणार? तो प्रयत्न करून बघायचा. तिच्यावर रागावून पाहिलं, राग टिकेना. विसरून पाहिलं, तेही जमेना. हवंसं वाटायला शिकवता येतं, हे त्यानं पाहिलं होतं. नकोसं वाटायला कसं शिकायचं, हे मात्र सांगणारं कुणी नव्हतं.

पावसाळा ओसरल्यावर एकदा तो उदगावला गेला होता. कृष्णेच्या घाटावर होड्यांच्या शर्यतीची तयारी चालली होती. तरुणपणी पारस त्याच गावच्या होडीत वल्हं मारायचा. पुढं दुकान, लग्न, त्रिशलाची शेड, यात ते सुटलं. एक गडी कमी होता. कुणीतरी ओळखलं आणि हाक मारली, "मगदूम, बसताय का? नुसतं वजनाला बसा!" तो बसला. खांदे भरून आले, तळहात सोलले. दुसऱ्या दिवशी उठवत नव्हतं, तरी तो गेला. मग रोजच जायला लागला. पाण्यावर पहाटेचं धुकं असायचं, आणि वल्ह्यांच्या तालाखेरीज कसलाच आवाज नसायचा. तिथं त्याला कुणी विचारत नव्हतं आणि तोही कुणाला विचारत नव्हता.

एका रविवारी तो नदीवरून दुपारी परतला, जेवला, आणि आडवा झाल्यावर त्याला आठवलं, की आज त्रिशलाचा फोन येऊन गेला असेल. फोन त्यानं घरीच ठेवला होता. तो उठून बसला. आपण सकाळपासून तिची आठवणच काढली नाही, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो भिंतीला टेकून एखाद्या पोरासारखा ढसाढसा रडला.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्यानं तालिनचं तिकीट काढलं.

त्रिशला विमानतळावर आली होती. थोडी बारीक झाली होती, चेहऱ्यावर तकाकी आली होती. ट्राममध्ये ती लेपाबद्दल भरभरून बोलत राहिली आणि तो ऐकत राहिला. त्याला खरोखर ऐकावंसं वाटत होतं. कार्यालयात पोचल्यावर ती बाहेरच्या बाकड्यावर बसली आणि तो आत गेला.

टोपी डोक्यावर चढली. दार बंद झालं. यंत्रानं तोच प्रश्न विचारला. "हो," पारस म्हणाला, आणि त्या क्षणी त्याच्या मनात काय आलं हे त्याला स्वतःलाच नंतर सांगता आलं नसतं. एवढंच, की आपण दमलोय, आणि आपल्याला आपल्या घरी जायचंय.

तो बाहेर आला तशी त्रिशला उठून उभी राहिली. "काय आलं?"

"झालं," तो म्हणाला. "स्वतःची इच्छा."

तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसायला हवा होता. याचसाठी दोघं इतके महिने थांबले होते. पण ती हळूहळू परत खाली बसली.

"म्हणजे माझा विचार..."

"नंतर आला असेल," पारस म्हणाला. "आधी नाही आला."

तिनं मान हलवली.

"मला वाटलं होतं, तुम्ही नापास व्हाल," ती म्हणाली.

"मलाही," तो म्हणाला.

तो तिच्या शेजारी बसला. तिच्या पाठीवर हात ठेवावा का, असा विचार त्याच्या मनात आला. पण तो तिला बरं वाटावं म्हणून ठेवायचा, की आपल्याला ठेवावासा वाटतो म्हणून, हे त्याला ठरवता येईना. इतक्यात मारिकानं दारातून त्रिशलाला हाक मारली. एकटीची सही बाकी होती.

कंपनीची नोंद त्याच दुपारी झाली. नाव त्रिशलानं आधीच ठरवून ठेवलं होतं. पारसला ते भिंतीवरच्या पडद्यावर, इतर नव्या कंपन्यांच्या ओळीत वाचल्यावर कळलं. 'कांडी'. उसाचा तोडलेला तुकडा, नव्या सरीत पुरायचा. तो बराच वेळ ते नाव वाचत उभा राहिला.

"चांगलं आहे नाव," तो शेवटी म्हणाला. त्रिशलानं त्याला विचारलं नव्हतं.